निद्रानाशावर पहिला उपाय, उठण्याची ठरलेली वेळ

नागपूर - रात्रीचा एक वाजलेला असतो. घरात शांतता असते, कूलरचा आवाज तेवढा चालू असतो आणि अंथरुणावर पडलेला माणूस घड्याळाकडे पाहून मनाशी हिशेब मांडत असतो. आता झोप लागली तरी पाचच तास मिळतील! अर्ध्या तासाने तोच हिशेब साडेचार तासांवर येतो. सकाळी अंग जड, डोळे चुरचुरतात, कार्यालयात चित्त लागत नाही. मग वडीलधारे सांगतात, लवकर अंथरुणावर जात जा. रविवारी नऊ वाजेपर्यंत लोळून आठवड्याची भरपाई केली जाते. दुपारी तासभर वामकुक्षी होते. तरीही रात्र कोरडीच गेली, तर कोणाच्या तरी घरातली गोळी कामी येते.

हे सारे उपाय वरकरणी शहाणपणाचे वाटतात. मात्र ज्याला निद्रानाश जडला आहे, त्याचा त्रास नेमक्या याच उपायांनी वाढतो. गेल्या पन्नास वर्षांत विकसित झालेली वर्तन उपचारपद्धती याच्या उलट वाट सांगते. अंथरुणात कमी वेळ राहा, झोप आल्याखेरीज आडवे होऊ नका आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठा, अशी तिची शिकवण आहे. झोप कधी लागावी हे माणसाच्या हाती नसते. कधी उठावे हे मात्र असते. हा उपचार जे हाती आहे तेथून सुरुवात करतो.

निद्रानाश कशाला म्हणावे?

परीक्षेच्या आदल्या रात्री, घरातील लग्नाच्या धामधुमीत किंवा आप्ताच्या आजारपणात झोप उडणे हा रोग नव्हे. झोपेसाठी पुरेसा वेळ व सोय असूनही झोप लागत नाही, मधेच मोडते किंवा पहाटे फार लवकर जाग येते, त्यामुळे दिवसाच्या कामावर परिणाम होतो आणि हे आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिने वा त्याहून अधिक काळ चालते, तेव्हा त्यास दीर्घकालीन निद्रानाश म्हटले जाते. रात्री बारा ते पाच एवढीच झोप घेऊन दिवसभर टवटवीत राहणारा माणूस निद्रानाशाचा रुग्ण नसतो. त्याचप्रमाणे कामाच्या व्यापामुळे ज्याला झोपायला सवडच मिळत नाही, त्याचा प्रश्न झोपेच्या अभावाचा आहे, निद्रानाशाचा नव्हे.

हा विकार टिकतो कसा, याचे उत्तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या विचारात सापडते. काहींचा स्वभाव व प्रकृती मुळातच हलक्या झोपेची असते. त्यात नोकरी जाणे, बदली, शस्त्रक्रिया, मुलीचे परदेशी जाणे असे एखादे निमित्त घडते आणि झोप बिघडते. निमित्त काही आठवड्यांत सरते. तरीही झोप परतत नाही, कारण दरम्यानच्या काळात माणसाने काही सवयी लावून घेतलेल्या असतात. अंथरुणात अधिक वेळ घालवणे, दिवसा डुलकी काढणे, उशिरा उठणे, झोपेची धास्ती घेणे या त्या सवयी. मूळ ठिणगी विझल्यावरही आग धुमसत ठेवण्याचे काम त्या करतात. वर्तन उपचाराचा रोख या सवयींवर असतो.

झोपेची भूक आणि शरीरातील घड्याळ

स्विस शास्त्रज्ञ अलेक्झांडर बॉर्बेली यांनी १९८२ मध्ये झोपेची रचना दोन प्रक्रियांच्या आधारे स्पष्ट केली. पहिली म्हणजे झोपेची भूक. माणूस जितका वेळ जागा राहील तितकी ती वाढत जाते आणि झोपेने शमते. दुपारी दोन तास झोपणे म्हणजे रात्रीच्या जेवणाआधी पोटभर फराळ करण्यासारखे आहे. दुसरी प्रक्रिया शरीरातील घड्याळाची. मेंदूच्या तळाशी असलेला पेशींचा एक लहानसा पुंजका सुमारे चोवीस तासांचे चक्र चालवतो. शरीराचे तापमान, संप्रेरके आणि सतर्कता त्या चक्राप्रमाणे चढतात-उतरतात. हे घड्याळ पेशीपातळीवर कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश व मायकेल यंग या तिघांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

झोपेची भूक पुरेशी वाढली आणि घड्याळाचाही कौल मिळाला, की गाढ झोप लागते. लवकर अंथरुणावर जाणाऱ्या रुग्णाची भूक अद्याप वाढलेली नसते. रविवारी उशिरा उठणाऱ्याचे घड्याळ पुढे ढकलले जाते आणि त्याला सोमवारची रात्र जड जाते.

उपचाराचे पाच भाग

या पद्धतीस निद्रानाशासाठीची संज्ञानात्मक वर्तन उपचारपद्धती असे लांबलचक नाव आहे. डॉक्टरांच्या बोलण्यात ती ‘सीबीटी-आय’ म्हणून ओळखली जाते. साधारणतः चार ते आठ भेटींत ती पूर्ण होते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये दीर्घकालीन निद्रानाशाच्या सर्व प्रौढ रुग्णांना गोळीच्या आधी हाच उपचार द्यावा, अशी शिफारस केली. युरोपातील निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये तेच सांगितले.

१) झोपेची डायरी : पहिले एक-दोन आठवडे केवळ नोंद करायची. अंथरुणावर गेल्याची वेळ, अंदाजे झोप लागल्याची वेळ, रात्री किती वेळ जाग होती, शेवटची जाग व प्रत्यक्ष उठण्याची वेळ, दिवसाची डुलकी, चहा-कॉफी आणि मद्य. नोंद सकाळी करावी, रात्री घड्याळ पाहत नव्हे. शाळेची जुनी वहीदेखील यासाठी पुरते.

२) अंथरुणाचे नियम : रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये ही पद्धत मांडली. रात्रीमागून रात्री तळमळत काढल्या की अंथरूण आणि जागरण यांची सांगड बसते. बैठकीत टीव्हीसमोर पेंगणारा माणूस पलंगावर जाताच टक्क जागा होतो, तो यामुळेच. ही सांगड मोडण्यासाठी झोप अनावर झाल्यावरच अंथरुणावर जावे. सुमारे वीस मिनिटांत झोप लागली नाही असे वाटल्यास उठून दुसऱ्या खोलीत जावे, मंद दिव्यात काहीतरी शांतपणे करावे आणि पुन्हा पेंग आल्यावर परतावे. रात्रीतून चार वेळा उठावे लागले तरी हरकत नाही. अंथरुणात मोबाइल पाहणे, जेवणे, हिशेब करणे बंद करावे. ज्यांचे घर एका खोलीचे आहे, त्यांनी अंथरुणाबाहेर खुर्ची वा चटईची एक जागा ठरवून घ्यावी.

३) निद्रा-मर्यादा : हा उपचाराचा कणा आहे आणि सर्वांत कठीण भागही हाच. तो उदाहरणाने समजून घेऊ. समजा, धरमपेठेत राहणारे पन्नाशीचे एक बँक कर्मचारी रात्री १० वाजता अंथरुणावर जातात आणि सकाळी ७ वाजता उठतात. डायरीनुसार ते ९ तास अंथरुणात असतात, झोप मात्र सरासरी साडेपाच तास होते. झोपेचे तास भागिले अंथरुणातील तास हा हिशेब केला तर त्यांची निद्रा-कार्यक्षमता ६१ टक्के भरते. ती ८५ टक्क्यांच्या पुढे असावी, असा संकेत आहे. आता त्यांना अंथरुणात तेवढाच वेळ दिला जातो जेवढी त्यांची झोप आहे, म्हणजे साडेपाच तास. उठण्याची वेळ सकाळी ६ ठरली, तर झोपण्याची वेळ रात्री साडेबारा! त्याआधी आडवे होण्यास मनाई. पहिल्या आठवड्यात दिवसा पेंग येते, चिडचिड होते. पण झोपेची भूक साठत जाते. काही दिवसांनी साडेपाच तासांपैकी पाच तास ते सलग झोपू लागले, तर कार्यक्षमता सुमारे ९१ टक्के होते. मग झोपण्याची वेळ पंधरा मिनिटे अलीकडे, सव्वाबारावर आणली जाते. आठवडाभर कार्यक्षमता ८५ टक्क्यांवर राहिली की आणखी पंधरा मिनिटे. ती ८० टक्क्यांखाली घसरली, तर पंधरा मिनिटे कमी करायची. अशा रीतीने काही आठवड्यांत ते साडेअकरा किंवा अकरापर्यंत येऊ शकतात. या सर्व काळात सकाळचे ६ मात्र हलत नाहीत. अंथरुणातील वेळ सामान्यतः पाच तासांपेक्षा कमी केला जात नाही.

४) विचारांची दुरुस्ती : ‘आठ तास झोप झालीच पाहिजे’, ‘आज झोपलो नाही तर उद्याचा दिवस वाया गेला’ असे विचार मेंदूला सावध करतात आणि सावध मेंदू झोपत नाही. अशा विचारांची पुराव्यांशी ताडणी करणे, उद्याच्या काळज्या संध्याकाळीच कागदावर उतरवून ठेवणे यांचा सराव करून घेतला जातो. काहींना उलट सूचना दिली जाते. अंधारात डोळे उघडे ठेवून शांत पडून राहा, झोपण्याचा प्रयत्नच करू नका. प्रयत्न थांबला की धास्तीही ओसरते.

५) शिथिलीकरण : स्नायू क्रमाने ताणून सैल सोडणे, संथ श्वसन, योगनिद्रा यांचा यात समावेश होतो. करुणा दत्ता व सहकाऱ्यांनी दीर्घकालीन निद्रानाशाच्या रुग्णांवर योगनिद्रेची तुलना याच वर्तन उपचाराशी केली. त्यांचा निबंध २०२१ मध्ये नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियात प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत सुधारणा दिसली. अभ्यास लहान असला तरी आपल्याकडील रुग्णास रुचेल असा मार्ग त्यातून पुढे आला आहे.

रात्री जड व तिखट जेवण टाळणे, खोलीत अंधार ठेवणे, दुपारनंतर चहा-कॉफी सोडणे ही पथ्ये सर्वांना ठाऊक असतात. ती उपयोगी आहेत. मात्र एकट्या पथ्यांनी जुना निद्रानाश सहसा बरा होत नाही.

फायदा नेमका किती?

२०१५ मध्ये वीस चाचण्यांतील ११६२ रुग्णांची माहिती एकत्र तपासण्यात आली. उपचारानंतर झोप लागण्यास सरासरी १९ मिनिटे कमी लागू लागली आणि मध्यरात्रीच्या जागरणात २६ मिनिटांची घट झाली. झोपेचे एकूण तास मात्र लगेच फारसे वाढले नाहीत. ती वाढ जेमतेम आठ मिनिटांची होती. म्हणजे हा उपचार आधी झोप सलग करतो. तास त्यानंतर हळूहळू वाढतात. हे आधी ठाऊक नसल्याने अनेक जण दुसऱ्या आठवड्यातच निराश होऊन उपचार सोडतात. जे टिकून राहतात, त्यांना गोळी थांबली तरी लाभ टिकतो, हा या पद्धतीचा मोठा गुण.

नियमिततेचे मोल

किती तास झोपावे यावर चर्चा पुष्कळ होते. रोज एकाच वेळी झोपावे-उठावे याकडे मात्र दुर्लक्ष होते. ब्रिटनमधील सुमारे ६० हजार प्रौढांच्या मनगटावरील यंत्रांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२४ मध्ये ‘स्लीप’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. झोपेच्या तासांपेक्षा झोपेची नियमितता हा मृत्यूच्या धोक्याचा अधिक चांगला निदर्शक ठरतो, असे त्यात आढळले. अनियमितता हेच मृत्यूचे कारण असे यावरून म्हणता येत नाही, कारण आजारी माणसाची झोपही अनियमित होते. तरीही नियमिततेला दुय्यम मानू नये, एवढे निश्चित.

झोपेच्या वेळांचा प्रश्न महाराष्ट्रात शासनदरबारीही पोहोचला. मुलांची झोप पुरी होत नाही, असे तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये बोलून दाखवले. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने घेतला. मोठ्यांसाठी असा शासन निर्णय निघणार नाही. ती वेळ ज्याची त्यानेच ठरवायची आहे.

ती पाळण्यास सूर्याची मदत होते. सकाळचा प्रकाश डोळ्यांवर पडला की शरीराचे घड्याळ नव्याने जुळते. नागपुरात जूनमध्ये सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, तर जानेवारीत पावणेसातच्या पुढे. उठल्यानंतर अर्धा तास अंबाझरी, फुटाळा किंवा महाराजबागेच्या बाजूने फेरफटका मारणे, निदान छतावर वा अंगणात चहा घेणे, हा बिनखर्चाचा उपचार होय.

नवतप्यातील रात्री

विदर्भाच्या उन्हाळ्यात मात्र चांगली झोप असलेल्यांचीही परीक्षा होते. झोप लागण्यासाठी शरीराचे आतील तापमान किंचित उतरावे लागते. मेच्या अखेरीस नवतपा लागला की भिंती मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतात आणि तापमान उतरणे लांबते. ६८ देशांतील ४७ हजारांहून अधिक प्रौढांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२२ च्या एका अभ्यासात, ३० अंशांहून उष्ण रात्री झोप सरासरी १४ मिनिटांनी घटल्याचे आढळले. उष्णतेने मुख्यतः झोप लागण्यास उशीर होतो.

अशा दिवसांत झोपण्याची वेळ थोडी पुढे सरकली तरी चालेल. उठण्याची वेळ पुढे नेऊ नये. झोपण्यापूर्वी कोमट पाण्याने स्नान केल्यास त्वचेतील रक्तप्रवाह वाढून शरीर लवकर थंडावते. कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवावी, अन्यथा खोलीत दमटपणा साठतो. दुपारच्या उन्हात विश्रांती घ्यावी लागतेच. ती तीन वाजण्याच्या आत आणि वीस-तीस मिनिटांची असावी. मात्र निद्रा-मर्यादेचा उपचार चालू असताना तीही शक्यतो टाळावी.

पाळीत काम करणाऱ्यांनी काय करावे?

ठरलेल्या वेळी उठा, हा सल्ला प्रत्येकाला लागू करता येत नाही. कोराडी व खापरखेडा येथील वीज केंद्रे, वेकोलिच्या कोळसा खाणी, हिंगणा व बुटीबोरी येथील कारखाने, रुग्णालये आणि रेल्वे ही रात्रीही चालतात. तेथे पाळी बदलली की झोपेची वेळ बदलते. अशांनी कामाच्या व सुटीच्या दोन्ही दिवशी झोपेचे निदान तीन-चार तास सामाईक राहतील, असे वेळापत्रक आखावे. रात्रपाळीहून परतताना गडद चष्मा, घरी जाड पडदे आणि कामावर निघण्यापूर्वी छोटी झोप यांचाही उपयोग होतो. घरच्यांनी त्या झोपेला रात्रीच्या झोपेइतकाच मान द्यावा. तरीही पाळ्या वारंवार व उलटसुलट बदलत असतील, तर व्यक्तीच्या शिस्तीला मर्यादा पडतात. वेळापत्रक आखणाऱ्यांनी त्याचा विचार करायला हवा.

गोळीचे काय?

अल्प काळासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळीला स्थान आहे. अडचण येते ती महिनोन्महिने चालू राहिल्यावर. शरीराला सवय होते, मात्रा वाढते, वृद्धांमध्ये पडण्याचा धोका वाढतो. अल्प्राझोलाम व झोलपिडेम यांसह अनेक औषधे भारतात ‘एच-१’ या अनुसूचीत आहेत. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या नियमानुसार ती चिठ्ठीविना विकता येत नाहीत आणि औषध विक्रेत्यास त्यांची स्वतंत्र नोंद ठेवावी लागते. झोलपिडेमसारख्या गोळ्यांनंतर झोपेतच चालणे, गाडी चालवणे असे प्रकार घडल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये त्यांवर सर्वांत कडक इशारा छापण्यास सांगितले. मात्र वर्षानुवर्षे चालू असलेली गोळी एका दिवसात बंद करू नये. त्यामुळे झोप आणखी बिघडते आणि क्वचित झटकेही येऊ शकतात. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्यानेच कमी करावी. गोळी सुटेपर्यंत वर्तन उपचार सोबत चालू ठेवता येतो.

हा उपचार स्वतःहून कोणी करू नये?

अपस्मार किंवा उन्माद-अवसादाचा विकार असलेल्यांनी, तसेच झोपेत चालण्याची सवय असलेल्यांनी निद्रा-मर्यादा परस्पर सुरू करू नये. कमी झोपेने हे विकार उसळू शकतात. ट्रक, बस वा रेल्वे इंजिन चालवणाऱ्यांनी आणि यंत्रावर काम करणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यांतील पेंग ध्यानात घेऊन डॉक्टरांना विचारावे. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, दिवसा अनावर झोप येणे ही श्वसनरोधाची लक्षणे असू शकतात. त्यासाठी निराळी तपासणी लागते. संध्याकाळी पायांत अस्वस्थ वळवळ होत असल्यास तेही सांगावे. मन उदास राहत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर झोपेची वाट न पाहता त्वरित मदत घ्यावी. केंद्र शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स येथे मनोविकार विभाग आहेत. १८६४ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालयही शहरातच आहे. ज्या शहरात एका चौकाची ओळखच आजही पागलखाना चौक अशी आहे, तेथे झोपेसाठी मनोविकारतज्ज्ञाकडे जाताना अनेकांचे पाऊल अडखळते आणि गोळी मात्र वर्षानुवर्षे चालते. वास्तविक मधुमेहासाठी जावे तितक्या सहजतेने तेथे जायला हवे. जाताना दोन आठवड्यांची झोपेची डायरी सोबत न्यावी. निदानाचे अर्धे काम त्यानेच होते.

तोवर एक गोष्ट आजपासून करता येईल. सोमवार असो वा रविवार, रात्र चांगली गेलेली असो वा तळमळत, गजर एकाच वेळेचा लावावा आणि तो वाजताच उठावे. आदल्या रात्रीचा हिशेब अंथरुणात पडून मांडत बसू नये. उठून खिडकी उघडावी.